ओपन सोर्सची सामुदायिक डिरेक्टरी उभी करायला गिटहब आणि ह्यूगो: खानदेशातल्या गटांसाठी परीक्षण

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेजांत, वाचनालयांत आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांत एकच विचारणा फिरून फिरून येते. या कामाला मोकळं (ओपन सोर्स) सॉफ्टवेअर कुठलं, ते मराठीत चालतं का, आणि आपल्या जुन्या मशीनवर उतरेल का? इंग्रजी डिरेक्टऱ्यांत पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं, दुसऱ्याचा रकानाच नसतो. म्हणून आपली सूची आपणच करावी असं पुष्कळ गटांच्या मनात येतं. ती चारचौघांनी मिळून चालवायची तर कशावर उभी करावी, याचं हे परीक्षण आहे. कौल आधीच सांगतो: नोंदी यॅमल फायलींत (साध्या मजकुरात 'रकाना: मूल्य' अशी मांडणी) आणि गिटहबवर (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनावर चालणारं संकेतस्थळ), साइट ह्यूगोनं (फायलींतून वेबपानं बांधणारं साधन) बांधलेली, शोधासाठी पेजफाइंड. पाचपैकी चार गुण. एक का कापला ते ओघात येईल.

मोजायचं काय, हे आधी ठरवायला हवं. फ्रेशमीट ही या क्षेत्रातली मोठी सूची १९९७ मध्ये सुरू झाली, २०११ मध्ये तिचं नाव फ्रीकोड झालं आणि जून २०१४ मध्ये तिच्यातल्या नोंदी गोठल्या. डीमॉझ ही सगळ्या वेबचीच स्वयंसेवकांनी चालवलेली डिरेक्टरी १९९८ पासून होती, ती मार्च २०१७ मध्ये बंद पडली. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची डिरेक्टरी मात्र १९९९ पासून टिकून आहे, आणि त्यामागे दर शुक्रवारी एकत्र बसून नोंदी तपासायचा रिवाज आहे. नोंदी घालायचा उत्साह पहिल्या दोन महिन्यांत सगळ्यांनाच असतो. सूची शिळी होते ती त्यानंतर. म्हणून जुनी नोंद पुन्हा तपासायला किती वेळ लागतो, हीच आमची फूटपट्टी.

हिशोब करून पाहा. नोंदी ५००, प्रत्येक सहा महिन्यांतून एकदा बघायची, म्हणजे वर्षाला १,००० तपासण्या. दुवा उघडणं, परवाना बघणं, प्रकल्प जिवंत आहे का हे पाहणं, हे सगळं हातानं केलं तर दहा मिनिटं जातात. वर्षाला १६७ तास, आठवड्याला तीन तासांहून जास्त. यातलं यांत्रिक काम मशीनवर टाकलं की माणसाला तीन मिनिटं पुरतात, आणि आठवड्याचा तास-सव्वा तास भागतो. एवढा वेळ दोन प्राध्यापक आणि चार विद्यार्थी सहज काढू शकतात.

या कसोटीवर गुगल शीट पन्नास नोंदींपर्यंत उत्तम चालते. त्यापुढे एकाच परवान्याची चार स्पेलिंगं होतात, कोणी रकाना सरकवला तर कळत नाही, आणि बदल मान्य होण्याआधी दुसऱ्यानं बघायची सोय नाही. मीडियाविकीवर (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) सिमँटिक मीडियाविकी किंवा कार्गो ही रकाने सांभाळणारी जोडणी बसवणं हा खरा तुल्यबळ पर्याय आहे. लिहिणाऱ्याला तो गिटपेक्षा सोपा जातो, फाउंडेशनची डिरेक्टरीही त्यावरच चालते. पण त्याला सर्व्हर लागतो, पीएचपी आणि डेटाबेस सांभाळणारा माणूस लागतो, आणि खाती उघडी ठेवली की स्पॅमची पानं लगेच येऊ लागतात. तुमच्या गटात सर्व्हर सांभाळणारा माणूस पाच वर्षं टिकणार असेल तर विकी घ्या. कॉलेजचा गट दर जूनमध्ये बदलतो, त्याला विकी झेपत नाही.

एक नोंद जवळून

प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र फाइल ठेवावी. अँड्रॉइड ॲपचा मोकळा साठा असलेलं एफ-ड्रॉइड असंच करतं, ऑसम-सेल्फहोस्टेड या मोठ्या यादीचा मूळ डेटाही असाच एक फाइल एक नोंद या पद्धतीनं ठेवलेला आहे आणि वाचायची यादी त्यातून आपोआप तयार होते. एकाच लांबलचक फाइलमध्ये सगळं कोंबलं तर दोघांनी एकाच वेळी भर घातली की मर्ज कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) ठरलेला, आणि नवख्या माणसाचा उत्साह तिथेच मावळतो.

हातानं भरायचे रकाने बारापेक्षा जास्त नकोत. कोहा या ग्रंथालय-प्रणालीची नोंद घ्या. नाव मराठीत आणि मूळ रोमनमध्ये. वर्णन १५० अक्षरांत, 'सर्वोत्तम', 'जगप्रसिद्ध' असे शब्द न वापरता: 'पुस्तकांची देवघेव, कॅटलॉग आणि सभासद सांभाळणारी वेबवरची प्रणाली; लिनक्स सर्व्हर लागतो.' मग परवाना, मूळ कोडचा पत्ता, संकेतस्थळ, वर्ग, चालवायला काय लागतं, इंटरनेटशिवाय चालतं का, मराठीची स्थिती, लोक कोणत्या शब्दांनी शोधतील, शेवटची तपासणी कधी, कोणी केली. बस्स. आवृत्तीचा क्रमांक हातानं लिहू नका, तो पंधरवड्यात खोटा ठरतो. डाउनलोडची संख्या आणि तारे यांचाही इथे उपयोग नाही.

'मराठी: आहे' असं लिहिलेला रकाना काही सांगत नाही. त्याचे तीन तुकडे करावेत. मेनू मराठीत दिसतात का? मराठीत भरलेली माहिती नीट साठते आणि शोधता येते का? छापताना किंवा पीडीएफ काढताना अक्षरं शाबूत राहतात का? तिसऱ्या प्रश्नावर बरीच सॉफ्टवेअरं आपटतात, कारण पीडीएफ बनवणाऱ्या काही लायब्रऱ्या अक्षरजोडणी करतच नाहीत. मग 'विद्यार्थी' शब्दातली पहिली वेलांटी 'व'च्या नंतर जाऊन बसते आणि रफार सुटून अर्धा 'र्' वेगळा उभा राहतो. शाळेचा दाखला किंवा वाचनालयाची पावती छापणाऱ्याला मेनूच्या भाषेपेक्षा हे कळणं जास्त गरजेचं आहे. तपासणाऱ्यानं प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एकच ठरलेलं वाक्य टाकून पीडीएफ काढावी, म्हणजे निकाल ताडून बघता येतात. 'दुसऱ्या विद्यार्थ्याचं ज्ञान, क्षेत्र आणि शक्ती' हे वाक्य पुरेसं आहे, त्यात अवघड जोडाक्षरं बहुतेक सगळी येतात.

यॅमल दिसायला सोपं, पण त्याचे काही ठरलेले खड्डे आहेत. अवतरणचिन्हांशिवाय ३.१० लिहिलं तर तो आकडा समजून ३.१ होतो. इंग्रजीत नुसतं 'नो' लिहिलं तर जुने पार्सर त्याचं 'खोटं' हे मूल्य करून टाकतात. वर्णनात विसर्गासारखं कोलन आणि पुढे जागा आली की ओळ तुटते. टॅबनं ओळ आत सरकवली तर फाइल वाचलीच जात नाही. आणि एक खास आपला: तारीख देवनागरी अंकांत लिहिली तर यॅमल ती तारीख मानत नाही, साधा मजकूर मानतं, आणि 'सर्वांत जुनी तपासणी आधी' हा क्रम बिघडतो. डेटात अंक रोमन ठेवा, देवनागरी करायचं काम ह्यूगोच्या टेम्प्लेटवर सोडा. मजकुराचे सगळे रकाने अवतरणचिन्हांत घालायचे, हा नियम पहिल्या दिवशी केला की यातल्या बहुतेक चुका होतच नाहीत. उरलेल्या यॅमललिंट (मांडणी तपासणारं हत्यार) आणि जेसन स्कीमा (कोणत्या रकान्यात काय चालेल याची नियमावली) पकडतात.

स्कीमाच्या जोडीला छोट्या स्क्रिप्टनं एक तपासणी आवर्जून घाला: मराठी वर्णनात देवनागरी युनिकोडची अक्षरं निम्म्याहून कमी असतील तर नोंद परत पाठवायची. आपल्याकडचे छापखाने आणि बरीच कार्यालयं अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टांत टाइप करतात. तिथला मजकूर चिकटवला की फॉण्ट सुटतो आणि रोमन चिन्हांचा चिखल उरतो. टाकणाऱ्याच्या मूळ फाइलमध्ये तो नीट दिसतो, म्हणून त्याला चूक पटत नाही. परतीच्या संदेशात 'मजकूर युनिकोडमध्ये बदलून पुन्हा टाका' एवढं मराठीत लिहिलेलं असावं.

परवाना

सर्वांत जास्त चुका या रकान्यात होतात, म्हणून इथे कडक राहावं लागतं. परवान्यांची प्रमाण नावं देणाऱ्या एसपीडीएक्सच्या यादीतलं ठरलेलं नावच चालेल, दुसरं काही नाही. नुसतं 'जीपीएल ३' पुरत नाही. 'फक्त ३' आणि 'तीन किंवा पुढची' अशी दोन वेगळी नावं त्या यादीत आहेत, आणि जुनं मोघम नाव रद्दबातल ठरवलेलं आहे. गिटहबच्या पानावर उजवीकडे दिसणारा परवाना हा लायसन्स फाइल वाचून मशीननं केलेला अंदाज असतो. लायसन्स फाइल जीपीएलसाठी दोन्ही बाबतींत सारखीच दिसते, 'किंवा पुढची' हे शब्द कोडच्या फायलींच्या माथ्यावर किंवा रीडमीत असतात. तिथे जाऊन पाहिल्याशिवाय हा रकाना भरू नये.

दुसरी गोष्ट, कोड दिसतो म्हणजे तो ओपन सोर्स असतोच असं नाही. ओपन सोर्स इनिशिएटिव्हच्या व्याख्येत दहा कलमं आहेत, त्यांत कोणत्याही व्यवसायाला वापर नाकारता येत नाही. सर्व्हर उभारायच्या टेराफॉर्मनं ऑगस्ट २०२३ मध्ये वापरावर बंधनं घालणारं बिझनेस सोर्स लायसन्स घेतलं, त्यातून ओपनटोफू ही मोकळी शाखा निघाली. रेडिस या डेटाबेसनं मार्च २०२४ मध्ये मोकळा परवाना सोडला, व्हॅल्की वेगळं झालं, आणि मे २०२५ मध्ये आठव्या आवृत्तीपासून रेडिसनं एजीपीएल या मोकळ्या परवान्याचा पर्याय दिला. म्हणजे एकाच प्रकल्पाची नोंद सव्वा वर्षात दोनदा बदलायला हवी होती. परवाना-फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला, मजकूर बदलला की बदलणारा ठसा) नोंदीत साठवा. दर आठवड्याला तो जुळवून पाहायचा, जुळला नाही तर माणसाला कळवायचं. दहा ओळींचं काम आहे, आणि या सगळ्या व्यवस्थेत आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

सूचीच्या स्वतःच्या डेटाचाही परवाना ठरवावा लागतो. सीसी-शून्य (सगळे हक्क सोडणारा परवाना) ठेवलात तर कोणालाही वापरता येतो आणि विकिडेटाशी देवाणघेवाण सरळ होते, कारण विकिडेटाही त्याच परवान्याखाली आहे. पण मग मराठी विकिपीडियातली वाक्यं उचलून आणता येणार नाहीत, तिथे श्रेय द्यायची आणि तोच परवाना ठेवायची अट आहे. वर्णनं स्वतः लिहावीत हे बरं.

नोंद आत येते कशी

गिटहबचे इश्यू फॉर्म, म्हणजे सूचना पाठवायचे तयार फॉर्म, ही या व्यवस्थेची खरी ताकद. पुल रिक्वेस्ट ('हा बदल मान्य करा' अशी विनंती) म्हणजे काय हे माहीत नसलेला ग्रंथपाल फॉर्म भरू शकतो: नावाची चौकट, परवान्याची यादी, मराठीचे तीन प्रश्न. रेपॉझिटरी (गिटहबवरचा फायलींचा साठा) सार्वजनिक असेल तरच 'हा रकाना भरलाच पाहिजे' ही सक्ती लागू होते, खाजगीत नाही. फॉर्म आला की गिटहब ॲक्शन्सनं (ठरलेली कामं आपोआप करणारी सोय) त्याची यॅमल फाइल करायची, तपासायची आणि पुल रिक्वेस्ट उघडायची. माणूस फक्त वाचतो आणि मान्य करतो.

हे बसवताना तीन ठिकाणी हमखास अडतं. पहिलं, ॲक्शन्सला पुल रिक्वेस्ट उघडू द्यायची परवानगी सेटिंगमध्ये वेगळी द्यावी लागते. ती न दिल्यास काम शेवटच्या पायरीवर तुटतं. दुसरं, ॲक्शन्सच्या नेहमीच्या टोकननं (ओळखीची किल्ली) केलेल्या कमिटमुळे (नोंदवलेला बदल) किंवा उघडलेल्या पुल रिक्वेस्टमुळे दुसरी वर्कफ्लो (कामांची साखळी) आपोआप सुरू होत नाही. अंतहीन चक्र होऊ नये म्हणून गिटहबनंच तसं ठेवलंय. परिणाम असा की मान्य झालेला बदल मुख्य शाखेत घ्यायचं कामही ॲक्शन्सनंच केलं असेल तर नोंद मान्य होते, साइटवर मात्र दिसत नाही, आणि चूक ह्यूगोत शोधण्यात दिवस जातो. तपासणी आणि बांधणी त्याच वर्कफ्लोत घ्या, नाहीतर गिटहब ॲपचं वेगळं टोकन वापरा.

तिसरं सुरक्षेचं आहे आणि त्यात हयगय नको. इश्यूचं शीर्षक किंवा मजकूर शेल कमांडच्या ओळीत थेट घातला, तर शीर्षकात कमांड लिहून पाठवणारा तुमच्या वर्कफ्लोत ती चालवू शकतो. मजकूर आधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये घ्यायचा आणि तिथून वाचायचा. फाइलचं नावही त्याच्या मजकुरातून बनवताना रोमन छोटी अक्षरं, अंक आणि मधली रेघ एवढंच ठेवून बाकी सगळं गाळायचं.

एक गुण कापला तो इथेच. फॉर्म भरायला गिटहबचं खातं लागतं, आणि ते पान इंग्रजीत आहे. यावलच्या केळी उत्पादकानं किंवा साक्रीच्या शिक्षकानं एका नोंदीसाठी खातं काढावं ही अपेक्षा अवास्तव आहे. त्यांच्यासाठी साधा ऑनलाइन फॉर्म किंवा छापील कागद ठेवा आणि आठवड्यातून एकदा विद्यार्थ्यानं तो गिटहबवर चढवावा. मग नोंदीत सुचवणाऱ्याचं नाव त्याच्या संमतीनंच जावं, फोन नंबर तर मुळीच नाही, कारण गिटच्या इतिहासात गेलेली गोष्ट पुसणं महाकठीण असतं.

दर आठवड्याची तपासणी

वेळापत्रकाची क्रॉन ओळ जागतिक वेळेनं चालते, आपण साडेपाच तास पुढे. रविवारी पहाटे २ वाजून ४७ मिनिटांनी हवी असेल तर शनिवार २१:१७ लिहायचं. तासाच्या ठोक्यावर ठेवू नका, तेव्हा गर्दी असते आणि काम उशिरा सुरू होतं, कधी गळतंही. शिवाय सार्वजनिक रेपॉझिटरीत ६० दिवस काहीच हालचाल नसेल तर गिटहब वेळापत्रक बंद करून टाकतं. उन्हाळी सुट्टी आणि प्रवेशांची धांदल धरली तर हे साठ दिवस सहज भरतात. तपासणीचा निकाल दर आठवड्याला फाइलमध्ये लिहून कमिट होत राहिला की हालचाल चालू राहते.

गिटहबच्या एपीआयची (स्क्रिप्टनं माहिती मागवायची सोय) मर्यादा समजून घ्या. ओळख न देता तासाला ६० विनंत्या, वैयक्तिक टोकननं ५,०००, आणि ॲक्शन्सच्या टोकननं एका रेपॉझिटरीला १,०००. पाचशे नोंदी आणि प्रत्येकी तीन विनंत्या म्हणजे दीड हजार, काम मध्येच अडणार. नोंदी चार भागांत वाटून दर तासाला एक भाग घ्या, किंवा ईटॅग (मागच्या वेळच्या उत्तराची खूण) साठवून 'बदललं असेल तरच पाठव' अशी सशर्त विनंती करा. काही बदललेलं नसेल तर ती मोजली जात नाही.

दुवे बघायला लायची हे हत्यार जलद आहे. पण एकदा ४०४ ('पान सापडलं नाही') आलं म्हणून प्रकल्प मेला असं ठरवू नये, आणि ४२९ तर फक्त 'जरा थांबा' असं सांगतो. लागोपाठ तीन आठवडे दुवा तुटलेला दिसला तरच माणसाकडे पाठवा. रेपॉझिटरीचं नाव बदललं तर गिटहब जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेतं, मात्र जुनं नाव दुसऱ्या कोणी घेतलं की तो दुवा परक्या कोडकडे जातो. यासाठी रेपॉझिटरीचा अंकी आयडी नोंदीत ठेवा आणि दर वेळी जुळवा.

'शेवटचा पुश' या तारखेवर भरवसा नको. एखादा बॉट कुठल्याही शाखेवर अवलंबित्वं बदलत राहिला तरी ती तारीख ताजी दिसते. मुख्य शाखेवरची कमिट आणि शेवटची अधिकृत आवृत्ती बघावी. उलट, शांत प्रकल्प म्हणजे मेलेला प्रकल्प नव्हे. टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत २०२१ मध्ये दुरुस्त्या झाल्या आणि पुढची फेरी २०२९ साठी ठरलेली आहे, म्हणून ती कोणी टाकाऊ ठरवत नाही. मशीननं 'बघा' एवढंच म्हणावं, 'बंद' हा शिक्का माणसानं मारावा. बंद पडलेली नोंद काढूनही टाकू नये. तिच्यावर बंद असं लिहून पर्यायाचा दुवा द्यावा, कारण ते जुनं सॉफ्टवेअर वापरणारा माणूस शोधत तिथेच येणार.

ह्यूगो आणि मराठी

ह्यूगो म्हणजे एकच बायनरी, थेट चालणारी फाइल. डेटाबेस नाही, काही हजार पानं काही सेकंदांत बांधतो, जुन्या लॅबमधल्या मशीनवरही चालतो. २०२४ मधल्या ०.१२६ आवृत्तीपासून डेटा फायलींतून थेट पानं बनवायची सोय आली, त्याआधी त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट लागायची. त्रास एकच: आवृत्ती बदलली की टेम्प्लेट कधीकधी मोडतात. वर्कफ्लोत 'नवीनतम' लिहू नका, ठराविक आवृत्ती बांधून ठेवा आणि वर्षातून एकदा सवडीनं बदला.

पानांचे पत्ते रोमनमध्येच ठेवावेत असं आमचं ठाम मत आहे. देवनागरीचं एकेक चिन्ह पत्त्यात नऊ अक्षरं खातं, नुसता 'जळगाव' शब्द ४५ अक्षरांचा होतो, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला दुवा शेपटासारखा लांबतो. त्याहून वाईट म्हणजे पत्ते बनवणाऱ्या स्क्रिप्टा मराठीची मोडतोड करतात. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकूर शोधायचा नमुना) 'शब्दातलं अक्षर' या वर्गात काना-मात्रा, अनुस्वार येत नाहीत. तिथून काढलेल्या पत्त्यात 'जळगाव'चं 'जळगव', 'धुळे'चं 'धळ' आणि 'नंदुरबार'चं 'नदरबर' होतं. जावास्क्रिप्टमध्ये तर देवनागरी त्या वर्गात मुळीच नाही.

लुनर हे शोधाचं हत्यार म्हणूनच मराठीत शून्य निकाल देतं. त्याची मूळ मांडणी शब्दाच्या दोन्ही टोकांची 'शब्दबाह्य' चिन्हं कापते, आणि देवनागरी शब्द अख्खाच कापला जातो. पेजफाइंड इथे उजवं आहे. ते बांधलेल्या साइटवरून सूची तयार करतं, तुकड्यांत ठेवतं आणि शोधाला लागेल तेवढाच तुकडा फोनवर उतरवतं. परवाना, वर्ग, मराठीची स्थिती यांच्या गाळण्याही लावता येतात. मात्र मराठी शब्दाचं मूळ ओळखायची सोय त्यात नाही. 'शेती' टाकलं तर 'शेतीसाठी' सापडतं, पण 'शेतकरी' टाकून 'शेतकऱ्यांसाठी' सापडत नाही, कारण सामान्यरूपात शब्दच बदलतो.

आणि त्या 'ऱ्यां'तच आणखी एक पेच आहे. अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एका कीबोर्डवर 'ऱ' या स्वतंत्र अक्षरापासून, दुसऱ्यावर साध्या 'र'ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, मशीनला ते दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही (सारख्या अक्षरांना एकच रूप देणं) त्यांना एक करत नाही. नोंद आत घेतानाच एका ओळीची बदली लिहून सगळीकडे 'ऱ' करा, आणि शोधाच्या चौकटीत आलेल्या शब्दावरही तीच बदली चालवा. तसंच अंकांचं: ३ आणि त्याचा रोमन जोडीदार, दोन्हींनी शोधता यायला हवं.

सामान्यरूपावर उपाय म्हणून 'लोक काय शोधतील' हा रकाना ठेवलाय. कोहासाठी ग्रंथालय, वाचनालय, लायब्ररी. ईआरपीनेक्स्टसाठी हिशोब, उधारी, आडत, दालमिल, स्टॉक. शेतीच्या सॉफ्टवेअरला केळी, कापूस, ठिबक. अहिराणी बोलणाऱ्यांनी आपल्या तोंडातले शब्द इथे घालावेत. पुढे अहिराणी वर्णनं लिहायची झाल्यास त्या भाषेला आयएसओचा तीन अक्षरी कोड आहे, ह्यूगोत ती स्वतंत्र भाषा म्हणून जोडता येते.

अकारविल्हे यादीतही गफलत होते. मशीन युनिकोडच्या क्रमानं लावतं, त्यात 'ळ' हा 'ल'च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर. ब्राउझरच्या कोलेटरला (क्रम लावणारी सोय) मराठीचा भाषा-कोड देऊन क्रम लावला की हे सुटतं.

जागा, पैसे, माणसं

सार्वजनिक रेपॉझिटरीला ॲक्शन्स फुकट आहेत. गिटहब पेजेसवर साइटचा आकार १ जीबीपर्यंत, आणि महिन्याला १०० जीबी वाहतुकीची सैल मर्यादा. पान ४० केबीचं ठेवलं तर ती महिन्याला २५ लाख पानांची होते, तिची चिंता नको. पण पान ४० केबीचं ठेवायचं तर प्रत्येक नोंदीला लोगो आणि स्क्रीनशॉट नकोत, आणि वेब फॉण्टही नको. फोनमधला देवनागरी फॉण्ट पुरतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपट्ट्यात पान उघडायला हवं असेल तर ही काटकसर आवश्यकच आहे. पेनड्राइव्हवर प्रत द्यायची असल्यास ह्यूगोत सापेक्ष पत्ते आणि 'अग्ली' पत्ते (फाइलच्या पूर्ण नावानं संपणारे) ही दोन्ही सेटिंगं चालू करून वेगळी बांधणी करा. तिथे पेजफाइंड चालणार नाही, त्याला सर्व्हर लागतो, म्हणून त्या प्रतीत अकारविल्हे आणि वर्गवार यादी असायलाच हवी.

ओपन सोर्सची सूची गिटहबवर, आणि गिटहब स्वतः मात्र बंद कोडचं, २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचं. हे खटकणाऱ्यांसाठी गिटहबसारखीच सेवा देणारी बर्लिनची कोडबर्ग ही नफा न कमावणारी संस्था आहे, तिचं फोर्जेओ हे सॉफ्टवेअरही मोकळं. तत्त्वानं ती निवड जास्त स्वच्छ आहे. मात्र वेळापत्रकावरची तपासणी आणि फॉर्म ते यॅमल ही साखळी गिटहबवर कमी कष्टात उभी राहते, आणि नवख्या गटाला कष्ट कमी हवेत. मुख्य काम गिटहबवर, आरसा-प्रत कोडबर्गवर असं ठेवा. गिटमुळे फायली आणि इतिहास सोबत जातात, इश्यूंमधली चर्चा जात नाही, म्हणून महत्त्वाचा निर्णय झाला की तो रेपॉझिटरीतल्या फाइलमध्ये लिहायचा.

रेपॉझिटरी कोणाच्या वैयक्तिक खात्यावर नको, ऑर्गनायझेशन (गटाचं सामायिक खातं) काढा आणि मालक किमान दोन, त्यातला एक तरी कायमस्वरूपी शिक्षक किंवा ग्रंथपाल. गिटहब २०२३ पासून कोड देणाऱ्यांना दुहेरी पडताळणी लावतं. फोन बदलला, हरवला आणि रिकव्हरी कोड जपलेले नसले की खातं गेलं. ते कोड छापून विभागाच्या कपाटात ठेवा. अंतिम वर्षाची मुलं बाहेर पडण्याआधी, मार्चमध्येच, पुढच्या दोघांना मान्यता देण्याचे अधिकार द्यावेत. परीक्षा संपल्यावर कोणी सापडत नाही. आपलं किंवा आपल्या कंपनीचं सॉफ्टवेअर ज्यानं सुचवलं त्यानं स्वतः ते मान्य करायचं नाही, हा नियमही लिहून ठेवा. नव्या प्रकल्पांना ऑसम-सेल्फहोस्टेड पहिल्या आवृत्तीनंतर चार महिने थांबायला लावतं, तो नियम जसाच्या तसा घेण्यासारखा आहे.

सुरुवात चाळीस नोंदींनी करावी, आणि त्या इथल्या गरजांवरून निवडाव्यात. वाचनालयाला कोहा, शाळेत इंटरनेट नसेल तर कोलिब्री आणि जीकॉम्प्री, शेतावर जाऊन माहिती भरायला ओडीके, नकाशांना क्यूजीआयएस. छापखान्यांसाठी स्क्रायबस, पण नोंदीत १.६ किंवा पुढची आवृत्तीच घ्या असं ठळक लिहून, कारण १.४ मध्ये देवनागरी जोडाक्षरं जुळत नव्हती. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांना पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखणारं टेसरॅक्ट उपयोगी पडेल. छापील मराठी ते वाचतं, पण मोडीसाठी त्याच्यासोबत प्रशिक्षित डेटा येत नाही, आणि नोंदीची पहिली ओळ हीच असावी.